ऐकून दिलेलं मत

मेलवीधी, तंजावूर
१८ ऑगस्ट

चि. कल्याणरामास अनेक आशीर्वाद.

ठण् ठण्, ठण् ठण्. आठवतं? बाळकृष्णराव मास्तरांची अंगठी आणि कॉफीचा रिकामा पितळी लोटा. संध्याकाळच्या मराठी वर्गात छडी नव्हती, तबला नव्हता, तो लोटा होता. मास्तरांनी आपल्यासाठीच रचलेल्या ओळी होत्या आणि त्या लोट्याच्या ठेक्यावर आपण त्या म्हणायचो:

चिंचेखाली शाळा आमची, वारा घेई हजेरी;
कावळा म्हणतो ‘हजर हजर’, चिमणी येई उशीरी.

‘हजर हजर’ला ठेका दुप्पट व्हायचा आणि तू मांडीवर थापा मारून घ्यायचास. आज सकाळी धनलक्ष्मीनं स्वयंपाकघरात लोटा आपटला (माझ्यावर चिडून, दुसरं कारण काय असणार) आणि मला एकदम तो वर्ग ऐकू आला. म्हणून हे पत्र. नाहीतर तुझा तो लेख छापून आल्यापासून तुला ओळही लिहायची नाही असं मी ठरवलं होतं. ‘तंजावरी मराठी ही काचेच्या कपाटात ठेवण्याजोगी वस्तू आहे.’ काचेच्या कपाटातल्या वस्तूला हात असतात, कल्याणा, आणि हातात पेन असतं.

विषयावर येतो. तुमच्या सोनकिडा बालपुस्तक पुरस्कारावर माझा किती जीव आहे हे तुला पुण्यात बसून कळायचं नाही. जूनमध्ये अंतिम फेरीची यादी लागली की मी पोस्टानं सगळी पुस्तकं मागवतो. धनलक्ष्मी म्हणते, “म्हातारपणी लोक काशीला जातात, आमचे हे यादीला जातात.” निकालाआधी मी माझा निकाल लावतो. बहुतेक वेळा तुम्ही चुकता. बेडकाचं ते लहानसं गोड पुस्तक डावलून तुम्ही विटेएवढ्या जाड पुस्तकाला सोनकिडा दिलात, त्या वर्षी मी दोन दिवस जेवलो नाही. धनलक्ष्मी म्हणते एक दिवस. असो.

या वर्षी तुम्ही नवीन काढलंत: गावोगावच्या मुलांनी गट करून यादीतली पुस्तकं वाचावीत, आपलं मत कळवावं, ते निवडीत धरलं जाईल. मी आनंदानं नाचायचंच बाकी होतं. आमच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, आपल्या मराठी घरांतली मुलं रोज संध्याकाळी जमतातच. समोरच्या घरातली नित्या, तिची मावसबहीण संगीता, माझा नातू विघ्नेश, आणखी चार चिल्लीपिल्ली. घरी मराठी बोलतात, शाळेत तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी कोणाला येत नाही. म्हणून मी वाचतो, ती ऐकतात. माझ्या बोटांना आता पान सुटत नाही, म्हणून पान उलटायचं काम नित्याचं. ती माझ्या मांडीला टेकून बसते, मी कोलूतल्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीतल्या, मान डोलवणाऱ्या बाहुलीसारखी मान हलवली की ती पान उलटते. मग भांडणं होतात, पुस्तकावरची, अर्धी तमिळमध्ये.

तुमच्या अर्जात विचारलं होतं, ‘गट कसा वाचतो?’ मी खरं लिहिलं. काल उत्तर आलं. ‘मुलांनी पुस्तके स्वतः वाचलेली असणे आवश्यक असल्याने आपल्या गटाचे मत ग्राह्य धरता येणार नाही.’ खाली अध्यक्ष म्हणून तुझी सही. ते वळणदार ‘क’ मी ओळखलं, मीच तुला शिकवलंय.

पत्र मुलांना वाचून दाखवलं. मग नित्या म्हणाली, “तात्ता, मग इतके दिवस आम्ही काय करत होतों?”

हा प्रश्न तुझा आहे. उत्तर तू दे. मी तिला सांगितलं की आपण सगळी पुस्तकं पुरी करणार, मत देणार आणि तुम्हाला ते घ्यावं लागेल.

तुझा,
अण्णा

*

तंजावूर
६ सप्टेंबर

कल्याणा,

तुझं उत्तर पोचलं. इतक्या वर्षांनी आलं आणि तेही टाइप केलेलं! ‘अण्णा, नियम सगळ्यांना सारखे. वाचन आणि श्रवण या वेगळ्या क्रिया आहेत.’ वाचून मी मोठ्यांदा हसलो. शेजारच्या घरातून विचारणा झाली.

अरे, आपल्या दोघांत पुस्तक एकच होतं. ते माझ्या मांडीवर असायचं आणि तू समोर बसायचास. त्यामुळे तुला किती दिवस देवनागरी उलटीच वाचता येत होती! मास्तरांनी पुस्तक सरळ तुझ्या हातात दिलं तेव्हा तू ते फिरवून घेतलंस आणि सगळा वर्ग लोळला. पण त्याच्याही आधी, उलटंसुलटं काहीच येत नसताना, मास्तरांच्या सगळ्या कविता तुला पाठ होत्या. कशा रे? कोणत्या क्रियेनं? तेव्हा तू वाचक नव्हतास तर मग कोण होतास?

असो, भांडण राहू दे. आता वाचनाचं सांगतो. ‘स्विचवाले आजोबा’ संपलं. यंत्रातले आजोबा, कधी झोपत नाहीत, कधी रागवत नाहीत, विचारलं ते सांगतात. चित्रं सुंदर आहेत, कागद असा गुळगुळीत की पान घसरतं. पुण्यात हेच पुस्तक पुढं आहे, हे मला न सांगताही कळतं. मी दर वर्षी यादी वाचून तुमची नाडी ओळखतो. मुलांना मजा आली, नाही असं नाही. पण विघ्नेश शेवटी म्हणाला, “ह्या आजोबाला बंद करतां येतें. आमच्या तात्ताला स्विच नाहीं, तेच खरें भय.”

धनलक्ष्मी आतून म्हणाली, “शोधते मी स्विच.”

आणि मग आम्ही ‘उन्हाळ्यात वर येणारी शाळा’ उघडलं. लेखिका कोणी सुनंदा पाचपुते. जुन्नरकडच्या एका खेड्यात शाळा शिकवते, पहिलंच पुस्तक. चित्रं काळीपांढरी, कागद साधा. तू वाचलं असशीलच, नुसतं चाळलं नसशील अशी आशा आहे. धरणाखाली गेलेलं गाव. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शाळेच्या भिंती वर येतात. चिमी नावाची मुलगी आपल्या म्हाताऱ्या हेडमास्तरांना हाताला धरून चिखलातून तिथं नेते. ते फळ्याच्या जागी उभे राहतात, बिनछपराची शाळा भरते. कल्याणा, पहिल्या संध्याकाळी वाचताना मला दोनदा थांबून चष्मा पुसावा लागला. विघ्नेशनंही चेष्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवे गेले. अंधारात कोणी उठेना. संगीता म्हणाली, “वाचूं नका तर. पुढें काय होईल तें आम्ही सांगतों.” मग प्रत्येकानं आपापली शाळा वर काढली. एकीच्या शाळेत फळ्यावर मासा बसला होता. दुसरीच्या शाळेत घंटेत चिखल भरला होता, वाजवली की ‘भद्द’. दिवे आले तेव्हा मुलांना राग आला.

याला तुमच्या नियमात काय म्हणतात? कळव.

एक गंमत. नित्या आता माझ्या मानेची वाट बघत नाही. ओळ संपते न संपते तोच पान उलटलेलं असतं. माझा श्वास ओळखायला लागली आहे पोर.

अण्णा

*

तंजावूर
विजयादशमी, २ ऑक्टोबर

कल्याणा,

सकाळी स्नान करून पूजेतलं पेन उचललं. त्याच्या टोपणाला अजून कुंकू आहे. पहिलं पत्र तुलाच.

आधी तुझ्या निरोपाबद्दल. गेल्या आठवड्यात तू फोन केलास. माझ्याशी नाही बोललास, धनलक्ष्मीशी बोललास. “वहिनी, अण्णांना सांगा, गटात एका तरी मुलाला देवनागरी येत असेल तर त्याची सही घ्या. बाकीचं मी बघतो. मत मोजलं जाईल.” वहिनीनं शब्दन् शब्द सांगितला. तुझा आवाज थकलेला वाटला असंही म्हणाली.

आता काल काय झालं ते ऐक. ‘ऐक’च म्हणतो.

आमच्या घरी यादीतली पुस्तकं नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर बसतात. बाहुल्यांच्या मध्ये पुस्तकं, आणि मुलांना जे आवडेल ते रोज एकेक पायरी वर चढतं. ‘शाळा’ कलशाच्या शेजारी जाऊन बसली होती. चंदन, कुंकू, वर धनलक्ष्मीची जरीची साडी पांघरलेली. सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, वाटून झालं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला: शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं! आवडतं पुस्तक मी ताणून ताणून पुरवतो, तुला सवय माहीत आहे. मत कळवायची शेवटची तारीख कालचीच. आणि काल सरस्वतीपूजा, आमच्याकडे आयुधपूजाही त्याच दिवशी.

मी हळूच पायरीकडे हात नेला.

“हात लावून बघा,” धनलक्ष्मी म्हणाली. “सरस्वती बसली की बसली. उद्या सकाळपर्यंत वाचन नाही, लेखन नाही. तुमच्या पुण्याच्या समितीला आमच्या देवीपेक्षा मोठी करू नका.”

“एकच प्रकरण गं.”

“एक घास खाल्ला तरी उपास मोडतोच.”

मुलांचे चेहरे पडले. शेवट माहीत नसताना मत कसं द्यायचं? मी स्वतःही तो वाचलेला नव्हता. मुलांच्या पुढे जाऊन मी कधी वाचत नाही, तो आमचा करार आहे.

तेव्हा नित्या म्हणाली, “मला माहीत अहे.”

“काय माहीत आहे?”

“शेवट. मी वाचलें. तुम्ही परवा चष्मा शोधत होतां तेव्हां.”

कल्याणा, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती खाली बघत म्हणाली, “पान कधी उलटायचें तें कळायला शेवटचा शब्द ओळखावा लागतो नं. मग त्याच्या मागचा. मग त्याच्या मागचा.”

माझ्या मांडीला टेकून, ओळीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे, ही मुलगी अक्षरं शिकली होती! तू उलटा शिकलास, ही मागून शिकली. आपल्या वीधीत, या गल्लीत, सरळ कोणी शिकतच नाही बहुतेक.

विघ्नेशनं टाळीच वाजवली. “तात्ता, झालें की! नित्याची सही घाला. चिक्तात्तांनी सांगलें नं, एकाला येत असलें तर पुरें?” चिक्तात्ता म्हणजे तू, धाकटे आजोबा. पोरांनी तुझं नावही ठेवलंय, बघ.

खरं सांगतो, मला मोह झाला. एक सही, आणि आमचं मत तुमच्या टेबलावर. मी नित्याकडे पाहिलं.

ती म्हणाली, “मग विघ्नेशचें मत कोठें जाईल? संगीताचें? त्यांनीं नाहीं वाचलें म्हणून मीच एकटी लिहूं? मासा फळ्यावर बसवला तो संगीतानें. मी नाहीं करत सही.”

“अगं, पण नाहीतर कोणाचंच मोजणार नाहीत,” मी म्हणालो.

“न मोजूं दे. आम्ही सांगूं तर.”

आता प्रश्न राहिला सांगायचा कसा. लिहायचं नाही, देवीची बंदी. विघ्नेशनं फोन काढला. फोनलाही चंदनाचं बोट लागलेलं. “आजी, फोन पुस्तकांत येतो की आयुधांत?” धनलक्ष्मीनं जरा विचार केला. “आयुध. पूजा झालीय, पण भांडणाला आयुध लागतंच. बोल त्यात. लिहू नकोस.”

म्हणून तुम्हाला काल रात्र पडायच्या आत जो आवाज आला तो त्या फोनचा. आधी नित्यानं शेवटचं प्रकरण सांगितलं, पुस्तकाला हात न लावता, आपल्या बोलीत. पाऊस येतो, पाणी चढायला लागतं, मुलं होडीत बसतात. हेडमास्तर होडीतून मागं बघत बुडत्या शाळेची हजेरी घेतात. एकेक जुनं नाव. आणि पाण्याखालून उत्तर येतं. बेडूक म्हणतो हजर, मासा म्हणतो हजर, भिंत म्हणते हजर. धनलक्ष्मी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मग सगळ्यांनी एकेक करून मत दिलं, स्वतःच्या आवाजात, नाव सांगून. शेवटचं माझं.

ऐकलंस ना? तर आता तुला विचारतो. ते शेवटचं प्रकरण मी अजून वाचलेलं नाही. आज देवीनं पुस्तक मोकळं केलं तरी वाचणार नाही. मी ते ऐकलंय, आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या कानांत ते मास्तरांच्या लोट्याच्या शेजारी जाऊन बसलंय. मी या पुस्तकाचा वाचक आहे की नाही? नसेन तर मला तसं लिहून कळव. टाइप करून नको, हातानं लिही, आणि तुझं ते वळणदार ‘क’ घालून सही कर.

कपाटातला,
अण्णा

*

तंजावूर
२० नोव्हेंबर

कल्याणा,

तुझं पत्र नाही. निकाल मात्र कळला, विघ्नेशनं फोनवर दाखवला. स्विचवाले आजोबा. मी तुला सप्टेंबरमध्येच लिहिलं होतं. मुलांच्या गटांची नावं खाली बारीक अक्षरात छापली आहेत, नागपूर, कऱ्हाड, पणजी. तंजावूर नाही. विघ्नेशनं ती यादी वरखाली वरखाली केली, जणू हलवल्यानं नाव पडेल.

मला दुःख झालं असं समजू नकोस. संध्याकाळी मी मुलांना सांगितलं, त्यांचा सोनकिडा त्यांच्यापाशी, आपली वरची पायरी आपल्यापाशी. पुढच्या जूनमध्ये यादी लागेल, मी पुस्तकं मागवीन, आम्ही पुन्हा ऐकू, पुन्हा मत देऊ. दर वर्षी देऊ. तुम्ही नाही म्हणत राहा. आम्हाला सवय आहे. या गावात आपल्या भाषेला राजा उरला नाही तेव्हाही ती बोलायची थांबली नाही, तर समिती काय चीज आहे! मी गेल्यावर नित्या वाचेल. आता पान उलटायला संगीता बसते, आणि मला संशय आहे की

बाहेरच्या फाटकाची कडी वाजली. बघून येतो.

*

पत्र तसंच राहिलं होतं. आता दुपार उलटली. पुरं करतो, कारण तू मला जे सांगितलं नाहीस ते दुसऱ्याच कोणी येऊन सांगितलं.

फाटकात एक बाई उभी. पस्तिशीची असेल, खांद्याला कापडी पिशवी, पायांत धुळीचे बूट, केस प्रवासानं विस्कटलेले. मला वाटलं जनगणनेची. मी तमिळमध्ये विचारलं, कोण हवंय? तिनं हात जोडले. तिला एक शब्द कळला नव्हता. पहाटे अलीकडच्या पापनाशम स्टेशनलाच तंजावूर समजून उतरली आणि तिथून बसनं, विचारत विचारत, हातवारे करत आली होती.

मग तिनं मराठीत विचारलं, “ते ‘हजर’ म्हणणारं घर हेच का?”

ती घाईघाईनं बोलायला लागली, जणू मी दार लावून घेईन. बक्षीस समारंभाला ती गेली होती. बक्षीस मिळालं नाही, परत निघायच्या बेतात होती. तेवढ्यात अध्यक्ष उभे राहिले. म्हणाले, एक मत आम्हाला नियमानं मोजता आलं नाही, पण नियमात ते ऐकायला बंदी नाही. आणि फोन ध्वनिक्षेपकासमोर धरला.

“पूर्ण ऐकवलं?” मी विचारलं.

“पूर्ण. भरल्या सभागृहात. तुमच्या मिसेस मागं कोणाला तरी ‘गप’ म्हणतात तेसुद्धा. ते संपलं तरी अध्यक्ष मांडीवर हातानं काहीतरी ठेका धरून बसले होते. मी पत्ता मागितला. म्हणाले, जाऊ नका, अण्णा फार भांडकुदळ आहेत. आणि लिहून दिला.”

भांडकुदळ! बरं.

“पण बाई, तुम्ही एवढ्या लांब...” मी म्हणालो.

“काका, माझ्या पुस्तकात कोणी ‘हजर’ म्हणत नाही.” तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. “मी लिहिलंय, हेडमास्तर हजेरी घेतात आणि पाणी गप्प राहतं. तसंच संपतं. दोन वर्षं मला त्या शेवटापुढे जाता येत नव्हतं. आमची शाळा खरंच गेली हो पाण्याखाली. त्या मुलीनं त्याला बोलायला लावलं. मला ते पुन्हा एकदा ऐकायचंय. तिच्या तोंडून.”

म्हणजे कल्याणा, तू पुस्तक वाचलं होतंस. शेवट बदललाय हे तुला ऐकताक्षणी कळलं होतं. आणि ते ‘हजर हजर’ कुठून आलं हे त्या सभागृहात एकट्या तुलाच माहीत होतं. मास्तरांची ती कविता मी पोरांना इतक्यांदा म्हणून दाखवलीय, तरी नित्याचं ‘हजर’ तिच्यातलं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी मागं वळलो. मुलं केव्हाच दाराशी गोळा झाली होती. नित्या खांबामागं. सगळं ऐकत होती, चोरी पकडल्यासारखा चेहरा करून.

“नित्या,” मी म्हणालो, “ह्या सुनंदा पाचपुते. त्या म्हणतात, पुस्तकात तसं नाही.”

“तें फार उगी होतें, तात्ता,” ती पुटपुटली. “इतके हाक मारतात, कोणी जवाबच देत नाहीं. मला पाहवलें नाहीं. मी घातलें.”

धनलक्ष्मीनं आतून कॉफीचा लोटा आणून तिण्णैवर ठेवला, जरा जोरातच. पाहुणी चपला-बुटांच्या गर्दीत स्वतःचे बूट काढून ओट्याच्या कडेला बसली, मुलांच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी, आणि तिनं नित्याकडे मान वर केली.